पैज घोड्यावर, टेनिसवर नाही

पॅरिसच्या लाल मातीवर मे-जूनमध्ये फ्रेंच ओपन रंगते, तेव्हा पुण्यातला पैजेचा शौकीन रेसकोर्सच्या पावसाळी हंगामाकडे डोळे लावून असतो. कायद्यात राहून खेळावर पैसे लावायचे, तर ते तिथेच.

याचं मूळ 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात. मुंबईत तेव्हा पाऊस पडेल की नाही, यावरही सट्टा चाले! 1890 मध्ये कायदा सुधारून तो अडवला गेला. घोड्यांना मात्र सूट मिळाली. शौक साहेबाचाच होता ना. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली.

टेनिसला काय कौशल्य कमी लागतं? 2018 मध्ये चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्याच्या बालेवाडीत आली आणि फ्रान्सचा जील सिमाँ जिंकला. त्याच्यावर कायदेशीर पैज लावायला पुण्यात एकही खिडकी नव्हती.