गुंडाळीची खिटी

खिडकीचा गुंडाळी-पडदा हाताने खाली ओढून हळूच सोडला की सोडला तिथेच थांबतो. पुन्हा जरासा खाली ओढून हात सैल केला की सरसर वर जातो. पडद्याच्या पोकळ रुळात एक लांब स्प्रिंग असते. पडदा खाली येताना ती पिळत जाते आणि रुळाला सारखी उलट फिरवू पाहते. म्हणजे अर्ध्यावर थांबलेला पडदा वरवर निश्चल दिसला तरी आतून ताणलेलाच असतो. त्याला धरून ठेवते ती रुळाच्या टोकाशी बसवलेली, बोटाच्या पेराहून लहान अशी खिटी. या खिटीचा इतिहास बहुधा एका माणसापासून आणि एका तारखेपासून सांगितला जातो. अमेरिकेतल्या स्टुअर्ट हार्टशॉर्न यांनी ऑक्टोबर १८६४ मध्ये तिचे पेटंट घेतले, पुढे कारखाना काढला, आणि त्या पैशातून १८७०च्या दशकात न्यू जर्सीत शॉर्ट हिल्स नावाची टुमदार वसाहत उभारली. हे सगळे खरे आहे. पण कुळकथा म्हणून ती अर्धीच आहे. ताणलेले कापड रुळावर धरून ठेवायचे, हवे तेवढेच पुढे घ्यायचे आणि वेळ पडली तर मोजून मागे सोडायचे, हा प्रश्न खिडकीचा होण्याच्या कितीतरी आधी मागाचा होता. म्हणून या खिटीचे कूळ शोधायचे तर सोलापूरसारख्या मागांच्या गावातच शोधले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी खिटी काय करते ते नीट पाहू. पडद्याच्या रुळाच्या एका टोकाला गोल खिळा असतो, दुसऱ्या टोकाला चपटा. चपटा खिळा भिंतीवरच्या पट्टीच्या खाचेत बसतो, त्यामुळे तो आणि त्याला जोडलेला आतला दांडा फिरू शकत नाही. बाहेरचा रूळ मात्र त्याच्याभोवती फिरतो. फिरणाऱ्या टोपीवर सैल खिटी असते आणि स्थिर दांड्यावर खाचा. रूळ हळू फिरत असेल तर खिटी वरच्या बाजूला आली की स्वतःच्या वजनाने खाचेत पडते, आणि स्प्रिंगचा उलटा ओढाच तिला तिथे घट्ट दाबून धरतो. रूळ वेगाने फिरत असेल तर ती बाहेरच्या बाजूला फेकली जाते, तिला खाचेत पडायला उसंतच मिळत नाही, आणि पडदा वर निघून जातो. अडकलेली खिटी सोडवायची तर पडदा किंचित खाली ओढावा लागतो, म्हणजे तिच्यावरचा दाब जातो. सगळे काम पडद्याच्या कडेला धरलेल्या हाताने होते. वेगळी कळ नाही, वेगळी दोरी नाही. थांबायचे की जायचे हे रुळाची गती ठरवते. हार्टशॉर्न यांचे खरे कर्तृत्व या शेवटच्या वाक्यात आहे, आणि ते मला मुळीच कमी करायचे नाही. पण त्यातला धरून ठेवण्याचा भाग त्यांनी शोधलेला नव्हे.

आता माग. खड्ड्यात पाय सोडून विणायच्या जुन्या हातमागावर विणकराच्या पोटाशी एक आडवा रूळ असतो, विणलेले कापड त्याच्यावर गुंडाळले जाते. रुळाच्या टोकाला भोके असतात. त्यात दांडका खुपसून टेकवला की रूळ मागे फिरत नाही आणि ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ राहतो. वीतभर विणून झाले की विणकराने हात थांबवायचा, मागचा ताणा सैल करायचा, रूळ फिरवून कापड पुढे घ्यायचे, दांडका पुन्हा अडकवायचा आणि मग विणायला लागायचे. चौकटीच्या मागावर भोकांच्या जागी दातेरी चाक आले आणि दांडक्याच्या जागी खिटी. पण थांबणे तसेच राहिले. विणकामाच्या इतिहासात सगळा मान जॉन के याच्या १७३३ च्या झटक्याच्या धोट्याला मिळतो, आणि धोट्याने वेग दिला हे कबूल. तरी दर वीतभर कापडाला हात थांबत असेल तर त्या वेगाचा बराच भाग वायाच जातो. शिवाय नुकतेच कापड पुढे घेतलेले असताना फणीचा ठोका एका अंतरावर पडतो आणि वीतभर विणून झाल्यावर दुसऱ्या, त्यामुळे वीण कुठे दाट, कुठे विरळ होते. ती सारखी ठेवणे विणकराच्या मनगटावर अवलंबून. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी हे मनगट कमावले होते. तेलंगणातून येऊन इथे स्थिरावलेल्या या समाजाचे कौशल्य लोक रंगात आणि किनारीत पाहतात. ते या न दिसणाऱ्या सारखेपणातही पाहिले पाहिजे.

यंत्रमागाने हे मनगट लोखंडात उतरवले. लँकेशायरी मागावर फणी एकदा मागेपुढे झाली की तिला जोडलेली एक खिटी दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलते. दुसरी खिटी त्याच चाकावर टेकून ते मागे फिरू देत नाही. आडवा धागा एक, दात एक. पुढे चाकांची साखळी ही हालचाल बारीक करत करत कापडाच्या रुळापर्यंत पोचवते. पिकल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सात चाकांच्या रचनेत पहिले दातेरी चाक २४ दातांचे, शेवटचे ९० दातांचे, आणि मधे एक बदलीचे चाक असते. ठरावीक जागी ३६ दातांचे चाक बसवले की बदलीच्या चाकाला जितके दात, तितके आडवे धागे इंचाला पडतात. ४० दातांचे चाक घातले की इंचाला ४० धागे. यातला एक बारकावा फार सुंदर आहे. नुसता गुणाकार केला तर उत्तर सुमारे दीड टक्का कमी येते. मागावरून उतरल्यावर ताण गेला की कापड आक्रसते आणि ती दीड टक्क्याची कसर तिथे भरून निघते. चाके घडवणाऱ्याने कापडाचा स्वभाव दातांच्या हिशेबातच धरला होता. धागा तुटला तर धरून ठेवणारी खिटी उचलून चाक दोनतीन दात मागे सोडण्याची सोयही काही मागांवर असते, नाहीतर तुटल्या जागी कापडात विरळ पट्टा पडला असता. मोजून घेणे आणि मोजून मागे देणे, दोन्ही खिटीच्याच हाती.

सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाचे भाव चढले. हार्टशॉर्न यांचे पेटंट त्याच युद्धाच्या काळातले. १८७७ मध्ये इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी उभी राहिली, लोक तिला जुनी मिल म्हणतात. तिच्या मागोमाग लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि लोखंडी मागाची ओळख गावाच्या हाडीमासी खिळली. गिरण्यांचे भोंगे बंद पडल्यावरही ती ओळख पेठांमधल्या आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमागांत टिकली. कापडाच्या ज्या दोन वस्तूंना सोलापूरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, त्या चादर आणि टेरी टॉवेल, दोन्ही रूळ धरण्या-सोडण्याच्या हिशेबावर उभ्या आहेत. जेकार्डची चादर पाहा. पत्त्यांची माळ कोणता धागा उचलायचा ते सांगते, पण नक्षीची लांबी ठरते कापड पुढे सरकण्याच्या मापाने. खिटी एक दात चुकली की तिथे वीण दाटते. चुकतच राहिली तर गोल फूल लंबगोल होते आणि कडेला विणलेली अक्षरे चेपतात. जेकार्डचे कौतुक सगळे करतात, आणि त्या कौतुकात या खिटीचा वाटा कुणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते.

टॉवेलाची गोष्ट याहून खोल आहे. टेरीच्या मागावर ताण्याचे बीम दोन असतात. एक पायाच्या धाग्यांचा, तो ताठ. दुसरा फुलीच्या धाग्यांचा, तो सैल. नेहमीच्या तीन धाग्यांच्या विणीत पहिले दोन आडवे धागे कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच ठोकले जातात. तिसऱ्या धाग्याला फणी पूर्ण पुढे येते आणि तिघांना एकदम कडेला नेऊन भिडवते. पायाचे धागे ताठ असल्याने हे तिघे त्यांच्यावरून घसरत पुढे जातात. सैल धागे मात्र त्यांच्यात अडकलेले असतात, ते बरोबर ओढले जातात आणि त्यांचे वेटोळे वर उभे राहते. पाणी टिपणारी फुली ती हीच. इथे मागचे बीम दातेरी चाकाने धरलेले नसतात. बीमच्या टोकाला साखळी किंवा दोर गुंडाळून त्याला तरफेवर वजन टांगलेले असते. घर्षणाने धरायचे, ओढ वाढली की थोडे सोडायचे. म्हणजे एकाच मागावर धरण्याच्या दोन रीती नांदतात. पुढे खिटी, ती मोजते. मागे घर्षण, ते समजून घेते. खिडकीच्या पडद्यांच्या पुढच्या सगळ्या जाती याच दोन रीतींतून निघालेल्या दिसतात. हार्टशॉर्न यांचा पडदा पुढच्या रीतीचा. मण्यांची साखळी ओढून चालवायचा आजचा पडदा मागच्या रीतीचा, कारण त्याच्या आत दांड्याला घट्ट वेढलेली स्प्रिंग घर्षणाने रूळ धरते आणि साखळी ओढली की सैल पडते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दातेरी चाक आणि खिटी मागाच्या मालकीची नाही. प्राचीन ग्रीकांच्या पोटाने दाबून ताणायच्या धनुष्याला दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या होत्या. विहिरीच्या रहाटालाही बैल थांबल्यावर चाक उलटे फिरू नये म्हणून खिटी असते. घड्याळाची चावी देताना होणारा कटकट आवाज तिचाच. मग माग हेच कूळ का मानायचे? कारण नुसत्या यंत्रभागावरून कूळ ठरत नाही, त्याच्यावर सोपवलेल्या कामावरून ठरते. धनुष्याची खिटी ताण धरते आणि एकाच क्षणी सगळा सोडते. रहाटाची खिटी परतीची वाट फक्त बंद करते. घड्याळाची खिटी पिळलेल्या स्प्रिंगला उलटू देत नाही, सोडण्याचे काम दुसऱ्याच चाकांकडे असते. रुळावर गुंडाळलेले, ताणाखालचे कापड कुठल्याही जागी थांबवणे आणि थोडेसे मागेपुढे करून पुन्हा थांबवणे, हे काम या कुणाकडेच नव्हते. ते मागाकडे होते आणि नंतर पडद्याकडे आले.

दुसरा आक्षेप असा की हार्टशॉर्न यांनी माग पाहून खिटी बसवली याला पुरावा काय? तसा दावा मी करत नाही. तंत्राचे नाते उसनवारीनेच जुळते असे नाही. प्रश्न सारखा असला की हात सारख्या उत्तराकडे वळतात, आणि ज्याने तो प्रश्न आधी झेलला त्याला थोरपण द्यावे लागते. उलट मी तर म्हणेन की मागाशी ताडून पाहिल्यावरच हार्टशॉर्न यांचे नवेपण नेमके दिसते. मागाची खिटी फणीच्या हुकमाने हलते. तिला वेग कळत नाही, फक्त ठोके कळतात. पडद्याच्या खिटीवर कुणाचा हुकूम नाही, तिला हाताची घाई आणि सावकाशी कळते. हीच कल्पना उलटी केली की मोटारीच्या सीटचा पट्टा होतो. तो सावकाश ओढला तर येत राहतो, झटक्याने ओढला तर अडकतो. आणि स्प्रिंगच्या रुळाला खिटी हवीच असे नाही, हेही खरे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांची शटरे पाहा. त्यांच्या रुळातही स्प्रिंग असते, पण ती शटरच्या वजनाला तोलून धरण्यापुरती, त्यामुळे तिथे अशी खिटी लागत नाही, तळाला कुलूप पुरते. कापडाचा पडदा इतका हलका की तोलायला वजनच नाही. ज्याला वजन नाही त्याला थांबवायला खिटी लागते.

आपल्याकडे हा पडदा घरोघरी का रुजला नाही, याचे उत्तर उन्हात आहे. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. इथे खिडकीला हवा अडवणारे कापड नको होते, वारा गाळून आत घेणारी बांबूची चीक किंवा पाणी मारलेला वाळ्याचा पडदा हवा होता. तो जड, म्हणून दोरीने गुंडाळायचा आणि दोरी खुंटीला बांधायची. स्प्रिंगच्या रुळाला तिथे काम नव्हते. परदेशात मात्र लोंबत्या दोऱ्यांत लहान मुलांच्या माना अडकून मृत्यू होऊ लागले, तेव्हा दोरीविना चालणाऱ्या पडद्यांची मागणी वाढली. अमेरिकेत २०१८ च्या मानकानुसार दुकानात तयार मिळणारे पडदे बिनदोरीचे, हाताला न लागणाऱ्या किंवा अगदी आखूड दोरीचेच असावेत असे ठरले, आणि रुळातल्या स्प्रिंगची जुनी रीत पुन्हा कामाला आली. मागावर उलटे घडते आहे. नव्या रेपिअर मागांवर कापड पुढे घेणे आणि ताणा सोडणे, दोन्ही कामे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या मोटारी करतात. इंचाला किती धागे ते संगणकाच्या पडद्यावर आकडा टाकून ठरते, बदलीची चाके काढावी-घालावी लागत नाहीत. जुने माग भंगारात जातील तेव्हा त्यांची बदलीची चाके आणि खिट्या वेगळ्या काढून, कोणते चाक कोणत्या चादरीसाठी लागत असे त्याची नोंद करून ठेवायला हवी, कारण ती माहिती आज मागावर काम करणाऱ्या माणसांच्या तोंडी आहे.