परतीचे तिकीट एकाचेच

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याला मुदतीआधीच कामावरून काढले, तर त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा, असे कलम १९९०च्या कायद्यापासून आहे. खर्च द्यायचा तो त्या एकट्याचा. जोडीदार, मुले, घरातले सामान यांचा त्यात समावेश नाही. आणि त्याने आपणहून राजीनामा दिला असेल, तर त्याचे तिकीटही त्याचे त्यानेच काढायचे. या व्हिसाचा सगळा स्वभाव या एका कलमात उतरला आहे. कायद्याने माणूस पाहिला तो कामापुरता. त्याच्याभोवती उभे राहिलेले घर कायद्याला फार उशिरा दिसले, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

सुरुवात १९५२च्या मॅकरन-वॉल्टर कायद्यापासून होते. असामान्य गुणवत्तेचा परदेशी माणूस तात्पुरत्या जागेवर येईल, काम उरकेल आणि परत जाईल, ही एच-१ वर्गामागची कल्पना. भारतातून कायमचे राहायला येणाऱ्यांसाठी तेव्हा वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. अशा पाहुण्याच्या बायकामुलांसाठी एच-४ हा वर्ग निघाला तो १९७० साली. त्यावर राहता येई, शिकता येई, पण नोकरी करता येत नसे.

ती बंदी पंचेचाळीस वर्षे टिकली. मे २०१५मध्ये एच-४वरच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली, तीही सगळ्यांना नाही. ज्यांच्या नवऱ्याचे किंवा बायकोचे ग्रीन कार्डाचे, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचे, काम ठराविक टप्प्यापर्यंत पोचले होते, त्यांनाच. तोवर पुण्या-मुंबईत इंजिनिअर, वकील किंवा डॉक्टर म्हणून काम केलेल्या कितीतरी बायका न्यू जर्सीच्या आणि कॅलिफोर्नियाच्या उपनगरांत घरी बसून होत्या. हे नुकसान कोणत्याही हिशेबात धरले गेले नाही, आणि ते धरायला हवे होते.

१९९०च्या कायद्याने एच-१बी आजच्या रूपात आणला: वर्षाला ६५,००० व्हिसा आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मुक्काम. तात्पुरत्या व्हिसावर असतानाच कायम राहण्यासाठी अर्ज करणेही त्याने मान्य केले. पण नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या ठेवली वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि कोणत्याही एका देशाला त्यातला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. भारतासारख्या देशालाही तेवढाच आणि आइसलँडलाही तेवढाच. रांग दहा वर्षांच्या पुढे गेली. २०००च्या कायद्याने रांगेतल्यांना सहा वर्षांनंतरही मुदतवाढ दिली, आणि तात्पुरता म्हटलेला मुक्काम पंधरा-पंधरा वर्षांचा झाला. कर्जाचे घर आले, मुले तिथेच जन्मली, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाऊ लागली. एवढा संसार उभा होता एका नोकरीवर.

आणि नोकऱ्या गेल्या. वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखेच्या दोषाच्या, कामासाठी भराभर नेलेल्या तरुणांना २००१च्या डॉट-कॉम पडझडीत पहिला तडाखा बसला. नोकरी मधेच गेली तर किती दिवस थांबता येईल, हे तेव्हा नियमांत लिहिलेलेच नव्हते. साठ दिवसांची सवलत लागू झाली ती १७ जानेवारी २०१७ला. राजीनामा देणाऱ्यालाही ती मिळते, आणि एच-४वरच्या जोडीदाराला व मुलांनाही.

साठ दिवस म्हणजे काय, हे २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला हजारो घरांना कळले. मेटाने ११,०००हून अधिक, गूगलने सुमारे १२,००० माणसे कमी केली. या मुदतीत नवी कंपनी शोधायची आणि तिने अर्ज दाखल करायचा. ते जमले नाही तर पर्यटक व्हिसाचा अर्ज करून थोडा अवधी मिळवायचा, नाहीतर निघायचे. निघायचे म्हणजे भाड्याचा करार मोडायचा, गाडी विकायची, मुलांचे शाळेचे दाखले आणि लसीकरणाच्या नोंदी गोळा करायच्या.

नेमकी हीच वेळ साधून कॅनडा पुढे आला. १६ जुलै २०२३ला त्याने अमेरिकेतल्या एच-१बीधारकांसाठी तीन वर्षांपर्यंतच्या खुल्या वर्क परमिटचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. मर्यादा १०,००० अर्जांची होती, ती दुसऱ्याच दिवशी भरली. यातली खरी महत्त्वाची गोष्ट मात्र आकड्यामागे आहे. त्या १०,०००मध्ये फक्त मुख्य अर्जदार मोजले होते. जोडीदाराला आणि मुलांना कामाचे किंवा शिक्षणाचे परमिट मागता येत होते, आणि ते मर्यादेत धरले जात नव्हते. संपूर्ण कुटुंब हलणार आहे, हे तिथे आधीच गृहीत धरले होते.

दोन देशांतला आणखी एक फरक निवृत्तीच्या पैशांचा. भारत आणि कॅनडा यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १ ऑगस्ट २०१५पासून लागू आहे. दोन्हीकडची वर्षे जोडून पेन्शनची पात्रता ठरवता येते. अमेरिकेशी भारताचा असा करार नाही. तिथे निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांच्या कामाचे ४० क्रेडिट लागतात. आठव्या-नवव्या वर्षी परत फिरणाऱ्याच्या पगारातून कापलेल्या सोशल सिक्युरिटीतून त्याला पेन्शन मिळत नाही.

भारतात परतणाऱ्यांपुढे वेगळाच पेच येतो. आईवडील भारतीय पासपोर्टवर सरळ आत येतात, पण अमेरिकेत जन्मलेले लेकरू अमेरिकन नागरिक असते, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्याच्यासाठी आधी व्हिसा किंवा परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी २००५पासून सुरू झालेले ओसीआय कार्ड काढावे लागते. त्यामुळे साठ दिवसांच्या घाईत सगळ्यात आधी कागद तयार करावे लागतात ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाचे.