माजघरातला अंधार आणि हाडांतला चुना

१९२२ साली इंग्लंडातील एका वैद्यकीय त्रैमासिकात मुडदुसाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोघे : डॉ. हचिसन आणि डॉ. शहा. विषय तेव्हा जगभर गाजत होता. पण ज्या माणसांवरून निष्कर्ष काढला ती माणसे होती आपल्या नाशिककडची. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण लागते, आणि त्या रस्त्याने जाताना मला हा निबंध हटकून आठवतो.

त्यांना दिसले ते असे. रानात राबणारी गरीब कुटुंबे वर्षभर धान्यावर जगत. दूध त्यांच्या वाट्याला क्वचितच. तरी त्यांच्या मुलांत मुडदूस जवळजवळ नव्हता. उलट गोषा पाळणारी मुसलमान घराणी आणि वरच्या जातींची सधन हिंदू घरे, जिथे दूधतुपाला तोटा नाही, तिथे मुलांचे पाय वाकलेले. कोवळ्या वयात लग्न झालेली मुलगी माजघरात शिरे, बाळंत होई आणि तान्ह्या पोरासह महिनोन् महिने त्याच काळोखात राही. तिची स्वतःचीच हाडे पुरती घडलेली नसत. कटीचे हाड नरम पडून बेढब झाले की पुढचे बाळंतपण अडे. आणि अडलेले बाळंतपण म्हणजे त्या काळी बहुधा मरण. घरच्यांनी त्याला दैव म्हटले असेल, दृष्टही म्हटली असेल. भिंतीला कोणी दोष दिला नसावा.

त्या वेळी विलायतेतील पंडितांचे दोन तट पडले होते. मेलन्बी यांनी १९१९ साली कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून सांगितले, दोष अन्नाचा आणि उपाय कॉड माशाचे तेल. त्याच साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुले बरी करून दाखविली. त्यांच्याही आधी, १८९० मध्ये, पाम नावाच्या मिशनरी डॉक्टराने देशोदेशींच्या मिशनऱ्यांकडून पत्रे मागवून मुडदूस हा उन्हाच्या दुष्काळाचा रोग असल्याचे लिहिले होते. त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे उमगले की दोन्ही पक्ष खरे. माशाच्या तेलात असते तेच ‘ड’ जीवनसत्त्व ऊन लागताच आपली कातडी तयार करते.

मोठ्या माणसाच्या देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. शंभरातले नव्याण्णव भाग हाडांत व दातांत. उरलेल्या चिमूटभरावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल चालते. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ते साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर जाऊन चालत नाही. हा हिशेब ठेवतात गळ्यातल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार ग्रंथी. गंमत अशी, की त्यांचा पहिला शोध लागला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या हिंदुस्थानी गेंड्याच्या गळ्यात. माणसात त्या सॅन्डस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने १८८० साली दाखविल्या. रक्तातला साठा घसरला की या ग्रंथी मूत्रपिंडाला सांगतात, बाहेर सोडू नको, तिथेच ‘ड’ला अखेरचे, कामाचे रूप देववितात, म्हणजे आतडे अन्नातून अधिक ओढून घेते, आणि तेवढ्याने भागले नाही तर हाडे फोडून देणे भागवितात. नाशिकच्या त्या सुनांचे झाले ते हेच. पोटात दूध जाई, पण उन्हावाचून ते अंगी लागत नसे. रक्ताची पत राखण्यासाठी हाडे गहाण पडत. रानातल्या बाईचे अन्न कदान्न, पण त्यातला कणन् कण तिचे ऊन वेचून घेई.

मुनीमच बिघडला तर? चार्ल्स मार्टेल हा अमेरिकन दर्यावर्दी कप्तान. एक ग्रंथी वाढून त्याची हाडे रिती होत गेली आणि सहा फुटांवरचा हा गडी सात इंचांनी खुजा झाला. सहा शस्त्रक्रियांत न सापडलेली ती ग्रंथी १९३२ साली सातव्या खेपेस छातीत सापडली. थोड्याच आठवड्यांत तो गेला. याच्या उलट, गळ्याच्या शस्त्रक्रियेत या ग्रंथी चुकून निघाल्या तर हातपाय वळू लागतात.

आता आपल्या दाराशी येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून भोवतालच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास मांडला. २००६ साली त्यातून दिसले की गरोदरपणी कॅल्शियमयुक्त पदार्थ ज्यांच्या खाण्यात वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक भरीव होती. २०१० साली पुण्यातल्याच डॉक्टरांनी गरीब वस्तीतील लहान मुलांचे दोन गट ताडून पाहिले : एक पाळणाघराच्या अंगणात खेळणारा, दुसरा घरात राहणारा. मुडदुसाचा घाला कोणावर पडला, हे नाशिकची हकीकत वाचलेल्यास सांगायला नको. फरक एवढाच, की इथे दार लावले होते ते गोषाने नव्हे, आईच्या पोटापाण्याने.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग कारखान्यांची रीघ लागली आणि ती चाकणपर्यंत पोहोचली. ज्यांच्या आज्या रानात राबल्या त्या मुली इथे पत्र्याच्या छपराखाली पाळी करतात. रात्रपाळी आटोपून आल्या की पडदा ओढून निजतात. काचेतून येणारे ऊन हाडांच्या कामाचे नाही, कारण हवे ते किरण काच अडविते. आपण ज्याची एवढी थोरवी गातो त्या सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते थोडेच. २०२० साली मोठ्या माणसाची रोजची गरज एक हजार मिलिग्रॅम ठरविण्यात आली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. पण माझ्या वर्गातल्या मुलींच्या डब्यात नाचणीची भाकरी आता शोधूनही दिसत नाही, आणि मधल्या सुट्टीत काळवंडू म्हणून त्या ओढणी डोक्यावर घेऊन व्हरांड्याच्या सावलीला बसतात.