तियूचं बेट

आजोळ कुंभारजुव्याला. मे महिन्यात दुपारची जेवणं आटोपली की आम्ही भावंडं शेजारच्या तियूच्या घरापुढच्या बलकांवात जाऊन बसायचो. तियू जुना तारवटी. उमेदीची सगळी वर्षं त्याने मालवाहू बोटींवर काढली होती. त्याच्याकडे बंदरांच्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण आम्हाला हवी असायची ती एकच, सेंट हेलेना बेटाची.

ती तो नेहमी एकाच जागेपासून सुरू करी. पहाटे पाण्यातून एक काळी भिंत वर आली. डोंगर नव्हे, भिंत! ना वाळू, ना माड. आफ्रिकेचा किनारा जवळजवळ दोन हजार किलोमीटर मागे पडलेला. बोटीवरचा एक गोंयकार गडी पोटदुखीने तळमळत होता, त्याला तिथल्या इस्पितळात टाकायचं म्हणून कप्तानाने बोट वळवली. मोठी बोट लागेल असा धक्का तिथे नव्हता. पायऱ्यांशी पाणी पुरुषभर चढायचं नि तितकंच उतरायचं. वरून दोर लोंबत असायचे. लाट चढली की दोर धरायचा आणि उडी घ्यायची. इथे तियू उठून बलकांवाचा खांब धरून दाखवी. आजारी माणसाला त्या पायऱ्यांवर कसं चढवलं, हे मात्र दर खेपेला वेगळं असे.

धक्क्यावर एक म्हातारा कोळी बसला होता. हे गोव्याचे, असं कळल्यावर तो म्हणाला, आमचा पहिला माणूस तुमच्याच गावाकडून आलेला. आणि त्याने तियूला जी गोष्ट सांगितली, ती तियूने आम्हाला सांगितली. बाणस्तरीला एका माणसाचं नाक कापलं, कान कापले, उजवा हात तोडला, डाव्या हाताचा अंगठा तोडला. पुढे तो बोटीने पोर्तुगालला निघाला, वाटेत या बेटावर पाणी भरायला बोट थांबली, तेव्हा रानात लपून बसला. बोट निघून गेली. नंतरच्या एका जहाजावरून कोंबडा पाण्यात पडला, तो याने वाचवला. मग दोघेच राहिले.

बाणस्तरी म्हणजे आमच्या खाडीवरची! चवथीच्या आदल्या दिवशी आजी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला जायची ती बाणस्तरी. आम्ही खाडीच्या बांधातल्या मानशीजवळच्या चिखलात उजवा हात पाठीशी बांधून, डावा अंगठा सुतळीने तळव्याला आवळून खड्डा खणायचा खेळ खेळलो. चार बोटांनी चिखल उचलला जात नाही, नुसता ओरबाडला जातो. पाच मिनिटांत नखं दुखू लागली.

पुढे कॉलेजात गास्पार कोरैयाच्या बखरीबद्दल वाचलं आणि तियूच्या माणसाला नाव मिळालं, फेर्नांव लोपिश. तो आमचा नव्हताच. गोवा जिंकणाऱ्या अल्बुकेर्कच्या फौजेतला पोर्तुगीज होता. फौज सोडून तो आदिलशाहीला मिळाला, मुसलमान झाला. 1512 साली बाणस्तरीचा कोट पडला तेव्हा आदिलशाही सरदार रसूल खानाने त्याला आणि इतर फितुरांना जीवदान मिळण्याच्या बोलीवर हवाली केलं. अल्बुकेर्कने बोली अक्षरशः पाळली. जीव ठेवला, बाकीचं कापलं.

धर्म बदलल्याची गोष्ट तियूने कधी काढली नव्हती. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने ती गाळली की रोज संध्याकाळी जपमाळ ओढत तेर्स म्हणणाऱ्या तियूने, कोण जाणे. मला वाटतं, तियूनेच. आपल्या माणसाचं उणं कोण सांगेल?

लोपिशने त्या चार बोटांनी राहायला बीळ खणलं, झाडं लावली, जनावरं राखली. एकदा त्याला पोर्तुगालला नेलं, रोमला पोपकडून पापमुक्ती मिळाली, तरी त्याने मागितलं ते बेटच. तिथेच तो मेला. पोर्तुगीजांनी सोडलेल्या बकऱ्या मात्र वाढत गेल्या. 1588 मध्ये कॅव्हेंडिश हा इंग्रज तिथे उतरला तेव्हा त्याला मैलभर लांबीचे कळप दिसले. त्यांनी कोवळी रोपं खाल्ली, माणसांनी मोठी झाडं तोडली, आणि मूळचं रान बहुतेक संपलं. बेट ज्वालामुखीचं, सह्याद्रीसारख्याच काळ्या बेसाल्टचं, अवघं 122 चौरस किलोमीटर. कडा उघड्याबोडक्या, मधल्या आठशे मीटरच्या कण्यावर ढग अडतात, तेवढंच ओलं हिरवं.

तियूला तिथली माणसं चटकन ओळखीची वाटली होती. "एका घरात पाच रंग," तो म्हणायचा. मूळचं तिथे कोणीच नव्हतं. 1659 पासून ईस्ट इंडिया कंपनीने शिपाई, शेतकरी आणले, मादागास्करचे, हिंदुस्थानचे गुलाम आणले, पुढे चिनी मजूर. ही सगळी सरमिसळ आज स्वतःला सेंट म्हणवते. तिथे हद्दपार केलेल्या नेपोलियनचं नाव तियूच्या गोष्टीत एकदाच यायचं, तेही आम्ही शाळेत शिकलो म्हणून विचारलं तर. बेटावरच्या रूपर्ट्स व्हॅलीबद्दल तियूला ठाऊक नव्हतं. 1840 पासून इंग्रजी आरमाराने पकडलेल्या गुलामजहाजांवरची माणसं तिथे उतरवली, वीस हजारांहून जास्त, आणि त्यातली हजारो त्याच दरीत पुरली गेली. 2008 मध्ये विमानतळाच्या कामासाठी खणताना 325 जणांचे अवशेष निघाले. त्यांना पुन्हा माती मिळायला 2022 उजाडलं.

इस्पितळात टाकलेला गडी तीन महिन्यांनी पुढच्या बोटीने परत आला, जाडा होऊन. येताना त्याने तियूसाठी सुतळीचा मोठा गुंडा आणला. बेटावर घायपातासारखी पानं पिकवून त्यांच्या वाखाची सुतळी, दोर करायचे. 1966 साली तो धंदा बसला, कारण विलायतेच्या टपालखात्याने नायलॉन घेतलं. तो गुंडा तियूच्या पेटाऱ्यात तसाच पडून होता.

एका चवथीला पावसाने माटोळी बांधायचे केवणीचे दोर भिजून कुजले. आजीने कुंपणावरूनच हाक मारली. तियूने गुंडा आणून दिला आणि स्वतः स्टुलावर चढून सुपारीचे घोस, तोरिंगं, माटोळीचं सगळं त्या सुतळीने बांधलं. गाठी तारवट्याच्या. विसर्जनानंतर त्या कुणालाच सोडवता येईनात. शेवटी आजीने विळी आणली.