पाहणारा कोण? मूत्रपिंडाच्या शल्यक्रियेचे शैक्षणिक चित्रपट आणि दृष्टिबिंदूचा प्रश्न

शल्यक्रिया शिकवणारा चित्रपट हा वैद्यकाच्या इतिहासाचा विषय मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते. वस्तुतः असा चित्रपट हेही एक कथनच असते. त्यात पात्रे असतात, काळाचा संक्षेप असतो आणि घटना कोणाच्या डोळ्यांनी पाहायची याविषयीचा निर्णय असतो. मूत्रपिंड व मूत्राशय यांवरील शल्यक्रियांच्या चित्रपटांत हा निर्णय कसकसा बदलत गेला, हे कथनमीमांसेच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

शल्यक्रियेच्या चित्रीकरणाच्या आद्य प्रवर्तकांत पॅरिसचे शल्यविशारद यूजीन-लुई द्वायें यांची गणना होते. १८९८ साली त्यांनी आपल्या शल्यक्रिया चित्रित करवून घेतल्या आणि त्याच वर्षी एडिंबरो येथे ब्रिटिश वैद्यकांपुढे त्या दाखवल्या. या चित्रपटांचा नायक शल्यविशारद स्वतःच आहे. प्रेक्षक त्याला बाहेरून पाहतो. ही तृतीयपुरुषी निवेदनाची रीत होय. १९०२ साली द्वायें यांनी ओरिसात जन्मलेल्या राडिका व डूडिका या जोडदेही बहिणींना विलग केले आणि तेही चित्रित करवले. क्षयाने ग्रासलेली डूडिका लवकरच मरण पावली. पुढे द्वायें यांच्या चित्रपटांच्या प्रती परस्पर विकल्या गेल्याने खटला उभा राहिला आणि १९०५ साली पॅरिसच्या न्यायालयाने द्वायें यांचे कर्तृत्व मान्य केले. चित्रपटाचा कर्ता कोण, या प्रश्नाचे हे आरंभीचे न्यायालयीन उत्तर होते. ज्यांचे शरीर पडद्यावर होते, त्यांच्यासाठी मात्र त्या प्रश्नात जागा नव्हती.

मूत्ररोगांच्या शल्यक्रियेला ही बाहेरून पाहण्याची रीत पुरेशी नव्हती. मूत्रपिंडे उदरपोकळीच्या मागे, पाठीच्या कण्यालगत खोलवर असतात. उघड्या शल्यक्रियेत मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना बहुधा शल्यविशारदाची पाठच दिसे. मूत्राशयाची अडचण निराळी होती. माक्सिमिलियन नित्से यांनी १८७७ साली मूत्रमार्गातून आत घालावयाची प्रकाशयुक्त दुर्बीण प्रथम दाखवली आणि जिवंत माणसाच्या मूत्राशयाचे अंतरंग दृश्य झाले. पण ते एका वेळी एकाच डोळ्याला. इतरांनी पाळीपाळीने पाहायचे, किंवा पाहणाऱ्याचे वर्णन ऐकायचे. नित्से यांनी १८९४ साली मूत्राशयाच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यामागे हीच निकड जाणवते. ग्लासगोचे जॉन मॅकिंटायर यांनी १८९६ साली क्ष-किरणांनी मूतखड्याचे छायाचित्र घेतले आणि १८९७ साली बेडकाच्या हलत्या पायाचे क्ष-किरण-चलच्चित्र सिद्ध केले. शरीराच्या आतले आणि हलणारे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत अवघ्या वर्षभरात जवळ आल्या.

शरीररचना शिकवणाऱ्या चित्रपटांनी तिसरी वाट धरली. ‘द वर्क ऑफ द किडनीज’ हा १९४० सालचा अमेरिकी शालेय चित्रपट तिचे उदाहरण म्हणून घेता येतो. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण-एकके असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड लिटरच्या आसपास मूत्ररूपाने बाहेर पडतो. एवढा व्याप कॅमेऱ्याच्या कवेत येत नाही, म्हणून हलत्या रेखाचित्रांचा आधार घेतला जातो. एका एककाने दहा लाखांचे प्रतिनिधित्व करायचे, काही क्षणांनी दिवसाचे. हे मूत्रपिंड कोणाचेच नसते. त्याला वय नाही, वेदना नाही. त्यावर बोलणारा आवाजही अनामिक, सर्वसाक्षी निवेदकाचा असतो.

खरा पालट त्यानंतर झाला. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या दंडभिंग-रचनेमुळे १९६० च्या दशकात दुर्बिणीतील प्रतिमा उजळ झाली आणि १९८० च्या दशकात तिला छोटा व्हिडिओ-कॅमेरा जोडला जाऊ लागला. १९९० साली सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटावरील लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने मूत्रपिंड काढले. अशा शल्यक्रियेत शल्यविशारदाची नजर पडद्यावर असते. जे तो पाहतो तेच मुद्रित होते आणि तेच पुढे विद्यार्थी पाहतो. पूर्वी चित्रपट शल्यक्रियेचा साक्षीदार होता. आता चित्र पाहतच शल्यक्रिया होऊ लागली. नायकाचा चेहरा पडद्यावरून नाहीसा झाला आणि निवेदन प्रथमपुरुषी झाले.

प्रथमपुरुषी निवेदनावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. दोन तासांची शल्यक्रिया दहा मिनिटांत दाखवायची तर काहीतरी गाळावेच लागते. आणि गाळले जाते ते बहुधा चाचपडणे, रक्तस्रावामुळे धूसर झालेले चित्र, वाट पाहण्याचा वेळ. नवशिक्याला ज्याची सर्वाधिक गरज असते, नेमके तेच. कर्ता, निवेदक आणि द्रष्टा एकच झाल्यावर दुसरी बाजू सांगणारे कोणी उरत नाही.

रुग्ण तर भूल दिलेला असतो. त्या दालनात न पाहणारा तो एकटाच. तरी या चित्रपटांत त्याची एक खूण राहून जाते. श्वासाबरोबर मूत्रपिंड खालीवर सरकते, त्यातला खडाही हलतो, आणि शल्यविशारदाला आपले हत्यार त्या लयीशी जुळवून घ्यावे लागते. संकलकाला ही हालचाल कापता येत नाही. द्वायें यांच्या खटल्यात ज्याला स्थान नव्हते, तो माणूस पडद्यावर उरतो तो एवढाच.