'अंतर्गत बाब' : दियालो तेली यांचे जीवन आणि आफ्रिकी ऐक्य संघटनेचे मौन

सार्वभौम राष्ट्राच्या अंतर्गत व्यवहारात इतरांनी हस्तक्षेप करू नये, हे आंतरराष्ट्रीय विधीतील जुने तत्त्व होय. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांना ते विशेष जिव्हाळ्याचे वाटले, आणि त्यात नवल नाही; ज्यांच्या घरात परक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कारभार केला, त्यांना दाराची कडी प्रिय वाटणारच. गिनीचे विधिज्ञ व मुत्सद्दी दियालो तेली यांच्या आयुष्यात हे तत्त्व दोनदा निर्णायक ठरले. संयुक्त राष्ट्रांत ते त्याच्या गैरवापराविरुद्ध लढले. स्वदेशात त्याच्याच आड त्यांचा अंत झाला. ह्या दोन घटनांच्या मध्ये आठ वर्षे ते अशा एका संघटनेचे सरचिटणीस होते, जिच्या सनदेत हेच तत्त्व ठळकपणे लिहिलेले होते.

तेली यांचा जन्म १९२५ साली गिनीच्या फूता जालोन पठारावरील पोरेदाका येथे, एका फुलानी कुटुंबात झाला. दियालो हे फुलानी समाजातील प्रमुख कुलनामांपैकी एक, आणि तेली हे व्यक्तिनाम; मराठीतील जातिवाचक शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. कुलनाम आधी घालण्याच्या प्रघातामुळे ते जगास दियालो तेली म्हणूनच परिचित झाले. पॅरिसमध्ये त्यांनी विधिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले, आणि वसाहतींच्या कारभारासाठी अधिकारी घडविणाऱ्या फ्रेंच राष्ट्रीय प्रशालेतही त्यांना प्रवेश मिळाला. तो मान त्या काळी फार थोड्या आफ्रिकी तरुणांच्या वाट्यास येत असे. पुढे सेनेगालमधील तिएस येथे सरकारी अभियोक्त्याचे साहाय्यक, नंतर दाहोमेतील कोतोनू येथील न्यायखात्यात, १९५५ मध्ये डाकार येथे फ्रेंच उच्चायुक्तांच्या कार्यालयाचे प्रमुख, आणि १९५७ मध्ये फ्रेंच पश्चिम आफ्रिकेच्या महामंडळाचे सरचिटणीस, अशा पायऱ्या त्यांनी झपाट्याने ओलांडल्या. आठ वसाहतींच्या ह्या संघराज्यात एका आफ्रिकी माणसाला प्रशासनात ह्याहून फारसे वर चढणे शक्य नव्हते.

ही कारकीर्द नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढे तीच त्यांच्याविषयीच्या संशयाचे एक कारण झाली. गिनीत सत्तेवर आलेले सेकू तूरे हे कामगार चळवळीतून वर आलेले नेते होते. त्यांच्या लोकशाही पक्षाला विरोध करणारे दोन मुख्य पुढारी, बारी दियावादू व बारी तृतीय ह्या नावाने ओळखले जाणारे इब्राहिमा बारी, हे दोघेही फूता जालोनमधील फुलानी होते. स्वातंत्र्यानंतर दोघांनीही आपले पक्ष सत्ताधारी पक्षात विलीन केले. तथापि त्यामुळे त्यांचा बचाव झाला नाही. पहिल्यास १९६९ मध्ये मृत्युदंड झाला, दुसऱ्यास जानेवारी १९७१ मध्ये कोनाक्रीत जाहीरपणे फाशी देण्यात आले.

२८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात गिनीने द गॉल यांच्या फ्रेंच समुदायाची योजना नाकारली. नकाराची मते ११,३६,३२४ होती व होकाराची केवळ ५६,९८१. फ्रान्सने आपले अधिकारी तत्काळ परत बोलाविले. २ ऑक्टोबरला स्वतंत्र झालेल्या ह्या राष्ट्राजवळ विधी व प्रशासन जाणणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. तेली यांनी डाकारमधील वैभवाचे पद सोडून नव्या राज्याची सेवा पत्करली, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी सोयीस्करपणे विसरली. १२ डिसेंबर १९५८ रोजी गिनीस संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला. मधला थोडा काळ वगळता १९६४ पर्यंत तेली हे तेथे गिनीचे स्थायी प्रतिनिधी होते, आणि काही काळ अमेरिकेतील राजदूतही.

ह्या काळातील त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य वंशभेदविरोधी विशेष समितीचे होय. दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत प्रथम भारताने १९४६ मध्ये, तेथील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निमित्ताने, उपस्थित केला होता. विजयालक्ष्मी पंडित त्या वेळी भारतीय शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या. पंतप्रधान स्मट्स यांचे उत्तर ठरलेले होते : ही आमची अंतर्गत बाब आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसऱ्या कलमाचा सातवा परिच्छेद ती चर्चेबाहेर ठेवतो. भारताचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला, तरी ते उत्तर पुढे दीड दशक दिले जात होते. ६ नोव्हेंबर १९६२ च्या १७६१ व्या ठरावाने आमसभेने एक स्थायी समितीच नेमली. तिच्या अकरा सदस्यांत पाश्चात्त्य राष्ट्र एकही नव्हते. पहिले अध्यक्ष म्हणून तेली यांची निवड झाली. समितीच्या सचिवपदी एनुगा श्रीनिवासुलु रेड्डी हे भारतीय होते. एखाद्या राज्याने आपल्याच प्रजेवर चालविलेल्या अत्याचाराची नोंद ठेवणे, साक्षी ऐकणे व ती जगापुढे मांडणे, हेच ह्या समितीचे काम होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये, नेल्सन मंडेला प्रभृतींवरील रिव्होनिया खटला उभा राहत असतानाच, आमसभेने राजबंद्यांच्या मुक्ततेची मागणी १०६ विरुद्ध १ अशा मतांनी केली. तो एकमेव विरोध दक्षिण आफ्रिकेचा होता. 'अंतर्गत बाब' ह्या सबबीचा विधिशास्त्रीय पाया त्या मताने जवळजवळ खचला.

मे १९६३ मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना झाली, आणि जुलै १९६४ च्या कैरो परिषदेत तेली तिचे पहिले सरचिटणीस निवडले गेले. सनदेतील पदनाम मात्र 'प्रशासकीय सरचिटणीस' असे होते. ह्या विशेषणात राष्ट्रप्रमुखांची भीती दिसून येते : त्यांना कार्यवाह हवा होता, पुढारी नको होता. तेली यांना हे विशेषण कधीच मानवले नाही, आणि सरचिटणीस आपली मर्यादा ओलांडतात अशी तक्रार वारंवार झाली. १९६८ मध्ये त्यांची फेरनिवड झाली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत.

त्या सनदेचे तिसरे कलम येथे बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्याचा दुसरा परिच्छेद अंतर्गत व्यवहारांत हस्तक्षेप निषिद्ध ठरवितो. पाचवा राजकीय हत्येचा बिनशर्त निषेध करतो. ह्या पाचव्या परिच्छेदामागे ताजी आठवण होती : जानेवारी १९६३ मध्ये टोगोचे अध्यक्ष सिल्व्हानुस ओलिंपियो मारले गेले होते. सनदेच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे राष्ट्रप्रमुखाची हत्या होती. राष्ट्रप्रमुखाने केलेली हत्या नव्हती. १९६६ मध्ये परिषदेस निघालेले गिनीचे परराष्ट्रमंत्री बेआवोगी यांना घानाने आक्रा येथे विमानातून उतरवून अटकेत ठेवले, तेव्हा संघटनेने लगेच हालचाल करून त्यांची सुटका साधली. मंत्र्याला परक्या राज्याने पकडले तर काय करावे, हे संघटनेला ठाऊक होते. स्वतःच्या राज्याने पकडले तर काय, ह्या प्रश्नाचे उत्तर सनदेत नव्हते.

जून १९७२ मध्ये रबात येथे तेली यांच्या जागी कॅमेरूनचे एन्झो एकांगाकी आले. तेली यांनी गिनीस परत जाऊ नये असा सल्ला त्यांना मिळाला होता. तरी ते परतले, आणि ऑगस्टमध्ये न्यायमंत्री झाले. हा निर्णय भोळेपणाचा होता असे म्हणून इतिहासकाराला सुटका करून घेता येत नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीजांच्या पुढाकाराने कोनाक्रीवर सागरी हल्ला झाला होता. तो खराच होता. परंतु त्यानंतर राष्ट्रीय सभेलाच क्रांतिकारी न्यायालयाचे रूप देऊन, आरोपींना समोर न आणता व वकील न देता, केवळ ध्वनिमुद्रित कबुलीजबाबांवर शिक्षा ठोठावण्यात आल्या होत्या. आर्चबिशप चिदिंबो ह्यांना जन्मठेप झाली होती. हे सर्व तेली जाणून होते. आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची वकिली जगभर करणाऱ्या माणसाने परदेशात आश्रय घेणे म्हणजे त्या वकिलीचाच पराभव, अशी त्यांची भावना असावी, एवढे मात्र म्हणता येते. न्यायखाते त्यांच्याकडे आले. बोइरो छावणी कधीच त्या खात्याच्या कक्षेत नव्हती.

१८ जुलै १९७६ रोजी त्यांना अटक झाली. 'फुलानी कटा'चे सूत्रधार म्हणून त्यांचे नाव जाहीर करण्यात आले, आणि ऑगस्टमधील भाषणांत तूरे यांनी एका माणसावरील आरोप संपूर्ण समाजावर पसरविला. छावणीत छळ करून तेली यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आला. खटला चालला नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये तेली, दोन मंत्री अलिऊन द्रामे व डॉ. अल्फा ऊमार बारी, आणि दोन सैन्याधिकारी यांचे अन्नपाणी तोडण्यात आले. बंदिवान ह्या शिक्षेस 'काळा उपास' म्हणत. सहबंदी आमादू दियालो यांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार तेली यांचा मृत्यू १ मार्च १९७७ रोजी झाला. मृतदेह कुटुंबाच्या हाती आला नाही.

ज्या संघटनेचे त्यांनी आठ वर्षे दप्तर सांभाळले, तिने निषेधाचा ठराव केला नाही. सनदेच्या शब्दांकडे पाहता तिला तसे करण्यास अडचण होती. पण जे राष्ट्रप्रमुख संयुक्त राष्ट्रांत प्रिटोरियाच्या सबबीला हसत होते, तेच इथे ती सबब मुकाट्याने मान्य करीत होते. १९८१ मध्ये नैरोबी येथे मानव व जनसमूह यांच्या अधिकारांची आफ्रिकी सनद संमत झाली, आणि तूरे यांच्या गिनीनेही ती लौकरच स्वीकारली. १९८४ च्या शिखर परिषदेचे यजमानपद कोनाक्रीकडे होते. २६ मार्च रोजी तूरे यांचे निधन झाले, ३ एप्रिलला सैन्याने सत्ता घेतली, बोइरोचे दरवाजे उघडले, आणि परिषद अखेर अदिस अबाबात भरली.

२००० मध्ये तयार झालेल्या आफ्रिकी संघाच्या घटनेत ह्या प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न झालेला दिसतो. चौथ्या कलमाच्या एका उपकलमात हस्तक्षेपाची बंदी कायम आहे; त्याच्या लगतच्याच उपकलमात युद्धगुन्हे, वंशसंहार व मानवतेविरुद्धचे गुन्हे ह्यांसाठी संघाला हस्तक्षेपाचा अधिकार दिला आहे. एका कोठडीत पाण्यावाचून ठेवलेला एक माजी मंत्री ह्या दोहोंपैकी कोणत्या उपकलमात बसला असता, हे ठरविण्याचे काम आजही राष्ट्रप्रमुखांच्या सभेकडेच आहे.