आंत्रजीवाणू व हृदयारोग्य

माणसाच्या आतड्यात, विशेषतः मोठ्या आतड्यात, अब्जावधी जीवाणूंची वस्ती असते. न पचलेल्या अन्नघटकांवर ते प्रक्रिया करतात. त्यातून बनणारी संयुगे रक्तात मिसळून यकृत, मूत्रपिंडे व रोहिण्यांपर्यंत पोहोचतात. हृदयविकाराशी आंत्रजीवाणूंचा संबंध मुख्यतः या संयुगांमार्फत येतो.

टीएमएओ : अंड्याचा बलक व कलेजी यांत कोलीन, तर मटण-गोमांसात कार्निटीन भरपूर असते. काही जीवाणू त्यांपासून ट्रायमिथिलअमाइन हा माशासारख्या उग्र वासाचा वायू तयार करतात. यकृतातील एफएमओ-३ हे विकर त्याचे ट्रायमिथिलअमाइन एन-ऑक्साइड, म्हणजे टीएमएओ, या गंधहीन संयुगात रूपांतर करते. पुढे ते लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅनली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये टीएमएओचा हृदयविकाराशी असलेला संबंध दाखवला. २०१३ मध्ये याच गटाने निरोगी स्वयंसेवकांना उकडलेली अंडी खायला दिली, तेव्हा त्यांच्या रक्तातील टीएमएओ वाढले. आठवडाभर प्रतिजैविके दिल्यावर तीच अंडी खाऊनही ते जवळजवळ वाढले नाही. प्रतिजैविके थांबवून महिना उलटल्यावर पुन्हा वाढू लागले. हे काम जीवाणूंचेच आहे, हे यावरून सिद्ध झाले. त्याच संशोधनात हृदयरोहिण्यांच्या तपासणीसाठी आलेल्या ४,००७ रुग्णांवर तीन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्या चतुर्थांश रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी असलेल्या चतुर्थांशाच्या सुमारे अडीच पट आढळला. इतर जोखमीचे घटक हिशोबात घेतल्यावर हा फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. दीर्घकाळ शाकाहारी असलेल्यांना कार्निटीन दिले, तरी त्यांच्या शरीरात टीएमएओ फारच कमी बनते, हेही त्याच वर्षी दिसून आले. उंदरांवरील प्रयोगांत टीएमएओमुळे रोहिण्यांत मेदाचे थर वाढले व रक्ताच्या गुठळ्या लवकर झाल्या.

तंतुमय पदार्थ : ज्वारी, बाजरी, कडधान्ये, भाज्या व फळे यांतील तंतू आपल्या पाचकरसांना पचत नाहीत, जीवाणू ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. दाह व रक्तदाब यांच्या नियंत्रणातही या मेदाम्लांचा सहभाग असतो. शिवाय जीवाणू पित्ताम्लांत बदल घडवतात आणि त्याचा परिणाम कोलेस्टेरॉलच्या चयापचयावर होतो.

औषधांवर परिणाम : हृदयविकारात दिले जाणारे डिजॉक्सिन काही रुग्णांच्या आतड्यातच एगर्थेला लेंटा या जीवाणूमुळे निष्प्रभ होते.

मर्यादा : टीएमएओ हे हृदयविकाराचे कारण आहे की केवळ लक्षण, हा वाद मिटलेला नाही. समुद्री माशांत ते मुळातच असते. तरीही मासे खाणे हृदयाला अपायकारक मानले जात नाही. टीएमएओ कमी करण्यासाठी प्रतिजैविके घेणे घातक आहे, कारण त्यामुळे उपयुक्त जीवाणूही मरतात आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू फोफावतात. प्रोबायोटिक गोळ्यांनी हृदयविकार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. तंतुमय आहार वाढवावा, लाल मांस बेताने खावे, तंबाखू सोडावी आणि रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवावे, हाच आजघडीचा खात्रीचा मार्ग आहे.